पेन्सिलीपासून पडद्यापर्यंत

नोव्हेंबरचा शेवटचा रविवार जवळ आला, की शहरांतल्या अनेक घरांमधले वातावरण जरा तंग होते. दिवाळीचा फराळ संपत आलेला असतो, पाहुणे परतलेले असतात आणि घरातला मुलगा किंवा मुलगी दार लावून, समोर घड्याळ ठेवून, उसने अवसान आणून बसलेली असते. हातात पदवी आहे, बऱ्याचदा बरी नोकरीही आहे. तरी पुन्हा परीक्षा! ही परीक्षा म्हणजे 'कॅट'. भारतीय व्यवस्थापन संस्थांमध्ये, म्हणजे आयआयएममध्ये, प्रवेश मिळवण्यासाठीची सामाईक चाचणी. २०२४ साली देशभरात सुमारे २ लाख ९३ हजार उमेदवारांनी ती दिली.

मी गणिताचा शिक्षक. १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून माझ्या रविवारच्या सकाळी या मुलांबरोबर गेल्या आहेत. तयारी कशी करावी हे सांगणाऱ्या पुस्तकांचा बाजारात सुकाळ आहे. पण ही तयारी नावाची गोष्ट आली कुठून, हे सहसा कुणी सांगत नाही. आज तेच सांगावे असे मनात आहे. कारण या परीक्षांच्या मुळाशी एक दावा आहे. 'आम्ही पाठांतर तपासत नाही, आम्ही अंगची कुवत तपासतो,' असा तो दावा. आणि कुवतच तपासायची असेल, तर मग तयारी कसली करायची? गेल्या शंभर वर्षांचा इतिहास हा या एका प्रश्नाभोवती फिरतो.

सुरुवात थोडी लांबून करतो. परीक्षा घेऊन माणसे निवडण्याची पद्धत जगात सर्वांत दीर्घकाळ चालवली ती चीनने. इसवी सनाच्या सातव्या शतकाच्या आरंभी तिची पायाभरणी झाली आणि १९०५ साली ती बंद झाली. तेराशे वर्षे! उमेदवारांना लहानशा कोठड्यांत बसवून दिवसच्या दिवस उत्तरे लिहायला लावत. आणि जिथे परीक्षा तिथे पळवाट हे तेव्हाही होतेच. अंगरख्याच्या अस्तरावर मुंगीएवढ्या अक्षरांत ग्रंथच्या ग्रंथ उतरवून नेलेले कपडे आजही संग्रहालयांत जपून ठेवलेले आहेत.

आपल्याकडे ही कल्पना इंग्रजांबरोबर आली. हिंदुस्थानातल्या सनदी सेवेसाठी १८५५ पासून लंडनमध्ये खुली स्पर्धा परीक्षा सुरू झाली. वशिल्याऐवजी गुणवत्ता, हे तिचे ब्रीद. पण परीक्षा सुरू होते न होते तोच लंडनमध्ये तिच्या तयारीचे खासगी वर्गही निघाले. तिथे शिकवणाऱ्यांना 'क्रॅमर' म्हणत, म्हणजे डोक्यात कोंबणारे. नाव कुत्सित होते, पण वर्ग भरलेले असत. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर हे या परीक्षेत यशस्वी होणारे पहिले भारतीय ठरले आणि १९१८ साली आपल्या चिंतामणराव देशमुखांनी तिच्यात पहिला क्रमांक मिळवला. ती परीक्षा भारतातही घेतली जाऊ लागली १९२२ पासून. तोपर्यंत तयारीचा पहिला खर्च होता बोटीच्या तिकिटाचा! गुणवत्तेची परीक्षा असली, तरी गुणवत्तेला परीक्षेच्या दारापर्यंत पोचवायला पैसे लागतात, हा धडा तेव्हापासूनचा.

या परीक्षा मात्र ज्ञानाच्या होत्या. ग्रीक, लॅटिन, संस्कृत, इतिहास, गणित आणि पानेच्या पाने निबंध. आज आपण ज्याला 'अ‍ॅप्टिट्यूड' म्हणतो, त्या चाचणीचा जन्म झाला अमेरिकेत आणि तोही पहिल्या महायुद्धात. १९१७ साली अमेरिका युद्धात उतरली. लाखो रंगरूट भरती होत होते. त्यांतला अधिकारी कोण होईल आणि खंदक कोण खणेल, हे झटपट ठरवायचे होते. मानसशास्त्रज्ञांनी 'आर्मी अल्फा' नावाची चाचणी तयार केली. छोटे छोटे प्रश्न, ठरावीक वेळ, मोजता येणारे उत्तर. अक्षरओळख नसलेल्यांसाठी चित्रांची 'आर्मी बीटा' होती. दोन्ही मिळून सुमारे १७ लाख जवानांची चाचणी झाली. या कामात असलेले कार्ल ब्रिगम पुढे प्रिन्स्टनला गेले आणि त्यांच्याच पुढाकाराने १९२६ साली कॉलेज प्रवेशासाठीची 'सॅट' ही चाचणी सुरू झाली. लष्करी चाचणीच्या आकड्यांवरून ब्रिगम यांनी काही वंश जन्मतःच कमी बुद्धीचे असल्याचा निष्कर्ष काढला होता. १९३० साली त्यांनीच तो जाहीरपणे मागे घेतला. चाचणीत दिसते ती निव्वळ उपजत बुद्धी नसते. भाषा, शाळा, घर हे सारे तिच्यात मिसळलेले असते, हे या चाचण्या घडवणाऱ्या माणसानेच मान्य केले होते. दुर्दैवाने चाचणी पुढे गेली आणि ही कबुली मागे राहिली.

याच काळात पेन्सिलीचा प्रवेश झाला. उत्तराचा गोळा काळा करायला पेन्सिलच का, असे मुले मला विचारत. कारण मोठे मजेदार आहे. आयबीएम कंपनीने १९३०च्या दशकाच्या अखेरीस उत्तरपत्रिका तपासणारे यंत्र बाजारात आणले. पेन्सिलीतल्या शिशाला आपण शिसे म्हणतो, पण असते ते ग्राफाइट, आणि ग्राफाइटमधून वीज वाहते. पेन्सिलीची खूण कुठे आहे, हे ते यंत्र विजेच्या प्रवाहावरून ओळखत असे. पुढे प्रकाशाच्या साहाय्याने वाचणारी यंत्रे आली, विजेचा संबंध संपला, पण पेन्सिल राहिली. परीक्षेच्या आदल्या रात्री दोन-दोन पेन्सिलींना टोक करून ठेवणाऱ्या आपल्याकडच्या पिढ्या त्या जुन्या यंत्राचेच देणे फेडत होत्या म्हणायचे.

आता व्यवस्थापनाकडे येऊ. अमेरिकेत हार्वर्डने १९०८ साली व्यवसाय शिक्षणाची शाळा काढली आणि 'एमबीए' ही पदवी रुळली. दुसऱ्या महायुद्धानंतर या पदवीला एवढी मागणी आली, की अर्जांचे ढीग उपसणे कठीण झाले. १९५३ साली नऊ बिझनेस स्कूल्सचे प्रतिनिधी सामाईक चाचणीसाठी एकत्र आले आणि १९५४ पासून ती सुरू झाली. पहिल्या वर्षी ती देणारे दोन हजारांच्या थोडे वर होते. १९७६ साली तिला आजचे नाव मिळाले, 'जीमॅट'. १९९७ साली ती संगणकावर गेली आणि तीही अशी, की आधीचे उत्तर बरोबर आले तर पुढचा प्रश्न अवघड, चुकले तर सोपा.

चाचण्या घेणारे मोठ्या आत्मविश्वासाने सांगत, की शिकवणी लावून या परीक्षेत फारसा फरक पडत नाही. हे ऐकून न घेणारा एक तरुण न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात होता, स्टॅन्ली कॅप्लन. १९३८ साली त्याने आईवडिलांच्या घराच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या. १९४६ मध्ये एका मुलीला त्याने सॅटची तयारी करून दिली आणि मग रांग लागली. त्याच्याकडे येणारी पुष्कळ मुले स्थलांतरितांची, बेताच्या परिस्थितीतली. बड्या शाळांतून जे वळण आपोआप मिळते, ते या मुलांना सरावातून मिळत होते. परीक्षा घेणाऱ्यांच्या दृष्टीने हा भोंदूपणा. अखेर अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने चौकशी केली. १९७९ साली निष्कर्ष आला, की शिकवणीने गुण वाढू शकतात. कॅप्लनला यापेक्षा मोठी जाहिरात कोणती हवी होती! पुढे १९९०च्या दशकात 'सॅट'च्या अधिकृत नावातून 'अ‍ॅप्टिट्यूड' हा शब्दच काढून टाकण्यात आला.

भारतात या गोष्टीचा आरंभ झाला १९५९ साली. कॅलिफोर्नियातले प्राध्यापक जॉर्ज रॉबिन्स भारतात आले आणि व्यवस्थापनाची अखिल भारतीय संस्था काढावी, असा अहवाल त्यांनी दिला. १९६१ साली अशा दोन संस्था उभ्या राहिल्या. कलकत्त्याच्या संस्थेला अमेरिकेतल्या एमआयटीचे साहाय्य होते, अहमदाबादच्या संस्थेला हार्वर्डचे. मराठी माणसाला हळहळ वाटावी अशी गोष्ट म्हणजे या दुसऱ्या संस्थेसाठी आधी मुंबईचे नाव चर्चेत होते. पण विक्रम साराभाई, कस्तुरभाई लालभाई आणि नव्याने झालेल्या गुजरात राज्याचे मुख्यमंत्री जीवराज मेहता यांनी एकत्र जोर लावला आणि संस्था अहमदाबादला गेली. मुंबईत १९६३ मध्ये पवईला 'निटी' आली आणि १९६५ साली स्टॅनफर्डच्या सहकार्याने मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था सुरू झाली. आयआयएम महाराष्ट्रात यायला मात्र २०१५ साल उजाडावे लागले, तेही नागपूरला. २०२३ मध्ये पवईच्या 'निटी'लाच आयआयएम मुंबई असे नाव मिळाले, तेव्हा देशातल्या आयआयएमची संख्या एकवीस झाली होती.

जागा थोड्या, इच्छुक फार. म्हणून चाळणी आली. आणि चाळणीपाठोपाठ तयारीचे वर्गही आले. १९७७ साली मुंबईत 'आयएमएस' सुरू झाली, १९९२ साली हैदराबादेत 'टाइम' आणि १९९५ मध्ये दिल्लीत 'करिअर लाँचर'. १९९१ च्या आर्थिक सुधारणांनंतर परदेशी कंपन्या आल्या, पगारांचे आकडे वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर छापून येऊ लागले आणि ज्या घरांत 'एमबीए' हे शब्द कुणी ऐकलेले नव्हते, तिथेही चौकशा सुरू झाल्या. तालुक्याच्या गावांतली मुले पोस्टाने येणाऱ्या पुस्तिकांवर विसंबून असत. पुस्तिका एका मुलाच्या नावाने यायची आणि पाच जण तिच्या झेरॉक्स काढायचे.

त्या काळातली प्रश्नपत्रिका आज आठवली तरी धाप लागते. दोन तास आणि प्रश्न दीडशेहून जास्त. म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिटाच्या आसपास. त्यात भर म्हणजे प्रश्नपत्रिकेचे स्वरूप दर वर्षी काय असेल, हे आधी कळत नसे. कॅल्क्युलेटरला बंदी. मग मुले तीसपर्यंतचे वर्ग पाठ करत, एक सप्तमांश म्हणजे १४.२८ टक्के, एक अष्टमांश म्हणजे साडेबारा टक्के, एक अकरांश म्हणजे ९.०९ टक्के, असे तक्ते भिंतीवर चिकटवत. मला गंमत वाटायची. मी त्यांना म्हणायचो, अरे, तुमच्या आजोबांना हे सारे येत होते. जुन्या मराठी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतीनची औटकी घोकून घेत. दुकानात उभ्या उभ्या सवापट, साडेतीनपट काढणारी ती पिढी आकडेमोडीच्या भागात आजच्या मुलांना सहज हरवून गेली असती. एका रविवारी मी वर्गातल्या चाळीस जणांना औटकी म्हणजे काय, असे विचारले. एकच हात वर आला, किराणा दुकानदाराच्या मुलाचा.

पण मराठी माध्यमातल्या मुलांची खरी कोंडी गणितात नव्हतीच. ती होती इंग्रजी उताऱ्यांमध्ये. परीक्षा इंग्रजीतूनच होते आणि उतारे तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र, कलासमीक्षा अशा कोणत्याही विषयावरचे असतात. माझ्याकडे सोलापूर जिल्ह्यातल्या मराठी शाळेत शिकलेली एक मुलगी येत असे. गणितात तिच्याजवळ उभे राहणारे वर्गात कुणी नव्हते. उतारा आला की मात्र ती प्रत्येक वाक्याचे मनातल्या मनात मराठी करायची आणि निम्म्या उताऱ्यात वेळ संपायचा. शब्दांच्या याद्या पाठ करून तिने वह्या भरल्या होत्या, पण त्यांचा काडीचाही उपयोग होत नव्हता. मग आम्ही एक नियम केला. वाक्याचे भाषांतर करायचे नाही. एक परिच्छेद पूर्ण वाचायचा, पुस्तक पालथे घालायचे आणि त्यात काय म्हटले आहे, ते मराठीत एका वाक्यात मला सांगायचे. पहिले तीन आठवडे हाल झाले. मग हळूहळू ती एक वाक्य अचूक बोलू लागली आणि कधी तरी मराठीची गरजच संपली. इंग्रजी तिच्याकडे पुरेसे होते. लेखकाच्या युक्तिवादाचा धागा पकडण्याची सवय तिला कुणी लावली नव्हती. ती मराठी निबंध वाचूनही लागली असती. मला वाटते, तयारी या शब्दाचा चांगला अर्थ हा आहे.

तयारीचा वाईट अर्थही याच परीक्षेने पाहिला. २३ नोव्हेंबर २००३ या दिवशी सव्वा लाखाहून अधिक मुलांनी परीक्षा दिली आणि संध्याकाळपर्यंत बातमी आली, की प्रश्नपत्रिका फुटली होती. केंद्रीय अन्वेषण विभागाने टोळी पकडली होती. परीक्षा रद्द झाली आणि १५ फेब्रुवारी २००४ रोजी पुन्हा घेण्यात आली. नोकरीतून महिनाभराची रजा काढून आलेल्या मुलांचे त्या अडीच महिन्यांत काय झाले, ते मी जवळून पाहिले आहे. पुन्हा रजा मिळाली नाही म्हणून काहींनी नोकरी सोडली, काहींनी परीक्षेचा नाद सोडला. ज्यांनी पैसे देऊन पत्रिका घेतल्या, त्यांची संख्या थोडी होती. किंमत मोजली ती बाकीच्या सगळ्यांनी.

त्यानंतर परीक्षेचा चेहरामोहरा बदलत गेला. प्रश्न कमी आणि अवघड होत गेले. २००६ साली अडीच तासांत ७५ प्रश्न होते. नुसत्या वेगाला फारसा अर्थ उरला नाही; कोणता प्रश्न सोडून द्यायचा, याला महत्त्व आले. २००९ साली कागद आणि पेन्सिल दोन्ही गेले आणि परीक्षा संगणकावर आली. एका दिवसाऐवजी ती दहा दिवस चालणार होती. पहिल्याच दिवसांत अनेक केंद्रांवरचे संगणक बंद पडले, व्हायरसचे कारण सांगण्यात आले, आणि हजारो मुलांना पुढच्या जानेवारीत पुन्हा बसावे लागले. कागद फुटू नये म्हणून पडदा आणला, तर पडदाच बंद पडला! २०१५ पासून परीक्षा पुन्हा एका दिवसावर आली, पडद्यावर कॅल्क्युलेटर मिळाला आणि काही प्रश्नांना पर्यायच नाहीसे झाले. उत्तर स्वतः टाइप करायचे. २०२० साली कोविडमुळे तीन तासांची परीक्षा दोन तासांची झाली, ती तशीच राहिली.

या सगळ्या बदलांत एक सूत्र आहे. परीक्षा घेणारे नवा प्रश्न काढतात, तयारी करून घेणारे दोन वर्षांत त्याची युक्ती शोधतात, मग पुन्हा नवा प्रश्न निघतो. ही शर्यत चीनच्या त्या अंगरख्यापासून चालू आहे. तिच्यात दर वेळी मागे पडतो तो नवी युक्ती ज्याच्यापर्यंत उशिरा पोचते तो. पूर्वी पुस्तिका पोचत नसे. आता मोबाइलवर सगळे पोचते, पण काय घ्यावे आणि काय सोडावे हे सांगणारे माणूस शेजारी नसते.

निकालाबद्दल एक गैरसमज घरोघरी आढळतो, तो दूर करतो. पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत. ९० पर्सेंटाइल म्हणजे शंभरपैकी नव्वद गुण नव्हे; शंभरातले सुमारे नव्वद जण तुमच्या मागे आहेत, एवढाच त्याचा अर्थ. तीन लाखांच्या गर्दीत ९९ पर्सेंटाइल मिळवणाऱ्याच्याही पुढे जवळपास तीन हजार माणसे असतात. म्हणून ९० पर्सेंटाइलवर पेढे वाटणाऱ्या आईवडिलांना महिन्याभराने मुलाखतीचे पत्र का आले नाही, हे कळत नाही. आणि म्हणूनच ८५ पर्सेंटाइल मिळवणारा मुलगा 'नापास' नसतो. दोन लाखांहून अधिक पदवीधरांना त्याने मागे टाकलेले असते.

ही चाळणी कोणाला वर ठेवते, हाही प्रश्न आहे. २०२३ साली १०० पर्सेंटाइल मिळवणारे चौदा जण होते. चौदाही मुलगे आणि त्यांतले अकरा अभियंते. कला शाखेतल्या मुलींना व्यवस्थापन जमत नाही असे यावरून कुणी म्हणेल, तर त्याने ब्रिगम यांची १९३०ची कबुली आठवावी. संस्थांनाही हे उमगले आहे. कोझिकोडच्या आयआयएमने निवडीचे निकष बदलले, तेव्हा २०१३ साली दाखल झालेल्या तुकडीत निम्म्याहून अधिक मुली होत्या. परीक्षा तीच, मुलीही त्याच; मोजण्याची रीत थोडी बदलली होती.

मग तयारी करावी की नाही? जरूर करावी. कुवत आणि तयारी यांच्यात भिंत नाही, हे शंभर वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झाले आहे. पण सहा महिन्यांच्या वर्गात पुरी होते ती शेवटची तयारी. तिचा मोठा भाग सातवी-आठवीत होतो, जेव्हा मूल क्रमिक पुस्तकाबाहेरचे काही तरी रोज वाचते आणि वाचलेले कुणाला तरी सांगते. जेव्हा भाजी मंडईत हिशेब मोबाइलशिवाय केला जातो. गावातले वाचनालय चालू राहणे हीसुद्धा आयआयएमची तयारीच आहे. वर्गाची फी प्रत्येकाला परवडेल असे नाही. वाचनालयाची वर्गणी मात्र अजून बहुतेकांना परवडते आणि तिथले टेबल कुणाचा पर्सेंटाइल विचारत नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)